चार मिलिमीटर

रात्री दोनला उजव्या कुशीत कोणीतरी ओलं धोतर पिळायला घेतलं. मला अर्थातच गॅस वाटला. आपल्याकडे काहीही झालं तरी आधी गॅसच असतो. चिमूटभर ओवा तोंडात टाकून मी येरझाऱ्या घालू लागलो. अर्ध्या तासाने मी मोरीत, उकिडवा, कपाळ वॉशिंग मशीनला टेकवून बसलो होतो. बसून बरं वाटेना, आडवं होऊन वाटेना, उभं राहून तर नाहीच. मुतखड्याची हीच खूण, हे सकाळी डॉक्टरांकडून कळलं.

सोनोग्राफीला गेलो तर हुकूम झाला : लिटरभर पाणी प्या आणि रोखून धरा. बाकावर आम्ही सहा जण, पायांवर पाय घट्ट आवळून, एकमेकांशी न बोलता बसलेलो. समोरच्या पिंपाचा नळ थेंबथेंब गळत होता. बिचारा एरवी चांगला नळ असेल, पण त्या वेळी सहाही जणांनी त्याच्याकडे खुनशी नजरेने पाहिलं. मग एक गृहस्थ उठून गेले आणि प्रसन्न चेहऱ्याने परतले. "तुम्ही व्हा पुढे," ते मला म्हणाले. हा मोठेपणा नव्हता. त्यांना पुन्हा पहिल्या ग्लासापासून सुरुवात करायची होती.

रिपोर्टात लिहिलं होतं, ४ मिलिमीटरचा कॅल्क्युलस. लॅटिनमध्ये कॅल्क्युलस म्हणजे बारीक खडा. पूर्वी खडे मांडून हिशेब करत, म्हणून गणितालाही तेच नाव. बारावीत कॅल्क्युलस माझ्या डोक्यात शिरलं नाही. त्याने वाट बदलली, एवढंच.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. मूत्रवाहिनी साधारण २५ सेंटीमीटर लांब, तीन ठिकाणी निमुळती. माझा खडा दोन जागा पार करून तिसरीपाशी, मूत्राशयाच्या दारात अडकलेला. म्हणजे घाट उतरून, कल्याण सोडून गाडी दादरच्या बाहेर सिग्नलला उभी. "इतका लहान खडा बहुतेक वेळा आपणहून पडतो," ते म्हणाले. "पाणी प्या, दुखलं की गोळी घ्या. आणि लघवी गाळणीतून करा. खडा सापडला तर तपासायला आणा."

बायकोने नवी गाळणी आणली, तिच्या दांड्याला लाल दोरा बांधला आणि ती न्हाणीघरात खिळ्याला टांगली. तरी बातमी फुटलीच. आठवडाभर आमच्याकडे येणारा प्रत्येक जण दारातूनच "चहा नको हं, आत्ताच झाला" म्हणायचा. मात्र सल्ला देऊनच जायचा. मावशीने कुळथाचं कढण धाडलं. शेजारच्या काकूंनी पानफुटीची कुंडीच आणून ठेवली. एका मित्राने स्कूटरवरून खड्ड्याखड्ड्यांतून हिंडायला सांगितलं. त्यासाठी वेगळं कुठे जावं लागणार होतं? आणि माझ्या वडिलांनी, ज्यांच्यासमोर मी आजवर कोकमाचं सरबतही जरा बिचकतच प्यायलो, खाली मान घालून विचारलं, "बिअर म्हणे चांगली असते?" मी डॉक्टरांना विचारलं. "साधं पाणी," ते म्हणाले. आयुष्यातली एकुलती एक अधिकृत संधी गेली.

तिसऱ्या रात्री कळ पुन्हा आली. आई उशाशी बसून पाठ चोळत होती. मला एकदम तिचं जुनं वाक्य आठवलं. सहामाहीचं प्रगतिपुस्तक पाहिलं की ती म्हणायची, "तुझ्याऐवजी पोटी धोंडा आला असता, तर धुणं धुवायला तरी कामी आला असता."

"आई," मी कण्हत म्हटलं, "धोंडा आला बघ. एक पिढी चुकला फक्त."

ती आधी रागावली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. मीही हसलो, आणि हसल्यावर कुशीत अशी काही कळ उठली की ओरडलो. त्यावर ती आणखी हसली.

सहाव्या दिवशी सकाळी गाळणीत टिक् झालं. मोहरीहून जरासा मोठा, तपकिरी, काटेरी. धुऊन, डबीत ठेवून मी बाहेर आणला. सगळे जमले. आईने चष्मा लावला, डबी खिडकीपाशी नेली, उजेडात तिरकी करून बराच वेळ पाहिलं.

"हा तर धुणं धुवायलाही यायचा नाही," ती म्हणाली.