कासवाचे चित्र टाकणाऱ्यांसाठी

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नेहमीप्रमाणे कोण किती पावले चालले त्याची यादी आली आणि तिच्या तळाशी असलेल्या बाबांच्या नावापुढे कोणीतरी कासवाचे चित्र टाकले. ज्या माणसाची या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आहे, त्याची चालण्यावरून थट्टा करावी, आणि तीही आरोग्याच्या नावाखाली, हे तुम्हा कोणालाच रुचणार नाही, हे धरूनच मी लिहीत आहे. अ‍ॅडमिनभाईंना फोन केला, तर म्हणाले, "अरे, मस्ती छे!"

फोनला किंवा घड्याळाला माझा विरोध नाही. बाबांना घड्याळ मीच आणून दिले. पण रोज दहा हजार पावले चालण्याचा हा आकडा कोणत्या डॉक्टरने ठरवला, हे कोणी कधी विचारले आहे का? टोकियो ऑलिम्पिकनंतर, 1965 मध्ये, जपानमधल्या एका कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विकायला काढले आणि ते खपावे म्हणून हा आकडा पुढे केला. तोच आकडा आज बडोद्याच्या कारेलीबागेतल्या एकाहत्तर वर्षांच्या हृदयरोग्याला रोज रात्री नापास करतो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीत पावलांचा आकडा नाही. आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि ज्येष्ठांनी तो आपापल्या कुवतीनुसार करावा, असे तिचे म्हणणे आहे.

बाबा रोज सकाळी कमाटीबागेत फिरतात आणि परतताना लारीवरून भाजी घेतात. पिशवी डाव्या हातात, घड्याळही त्याच मनगटावर. हात हलत नाही, म्हणून परतीच्या वाटेवरची बरीचशी पावले घड्याळाच्या हिशेबातच येत नाहीत. त्यातच त्यांना बीटा ब्लॉकरची गोळी आहे. ती नाडी फार वाढू देत नाही, आणि घड्याळ मात्र 220 मधून वय वजा करून नाडी कुठवर जायला हवी ते ठरवते. परिणामी, घामाघूम होऊन आलेल्या माणसाला ते सांगते की आज व्यायाम झालाच नाही.

डॉक्टरांनी त्यांना साधा नियम सांगितला आहे: चालताना बोलता आले पाहिजे, पण गाता येऊ नये. बाबा तो अक्षरशः पाळतात. चालता चालता एखादे नाट्यपद सुरू करतात. तान नीट गेली, तर वेग वाढवतात आणि बोलतानाही धाप लागू लागली, की बाकावर बसतात. या परीक्षेला कोणत्या यादीत जागा आहे?

नाही म्हणायला, या यादीमुळे आमच्या विंगमधले चार आळशी लोक जिना चढू लागले, हे मान्य करतो.

आणि मोबाइलचा खरा उपयोगही मी घरातच पाहिला आहे. बाबांच्या फिजिओथेरपिस्टबाई अधूनमधून त्यांना दोन ओळींचा मेसेज पाठवतात: काल किती वेळ चाललात, चढावर दम लागला का, गोळी घेतली का. बाबा चष्मा लावून तो दोनदा वाचतात आणि उत्तरादाखल लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवतात, ज्यात चालण्याबरोबर विश्वामित्रीच्या पुलावरची गर्दीही येते. पावसामुळे घरी बसावेसे वाटले, तरी "बाईंना काय सांगू?" म्हणून छत्री घेऊन निघतात. सिडनीत हृदयरोग्यांना सहा महिने, आठवड्याला चार असे साधे मेसेज पाठवून पाहिले, तेव्हा त्यांचे कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब उतरले आणि हालचाल वाढली. तो अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे कोणी कोणाला कासव म्हटले नव्हते.

आता ग्रुपवर नवरात्रासाठी "गरबा चॅलेंज"ची टूम निघाली आहे, म्हणून हेही लिहून ठेवतो. 2023 च्या नवरात्रात आपल्याच गुजरातमध्ये गरबा खेळताना हृदयविकाराच्या झटक्याने माणसे गेल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. वर्षभर खुर्चीत बसलेल्यांनी आजपासून हळूहळू चालायला लागावे, आणि खेळताना छातीवर दडपण आले, तर मनगटाकडे न पाहता 108 ला फोन करावा. घड्याळातला ईसीजी एकाच लीडचा असतो, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून पाहतो. हृदयाच्या लयीतले काही बिघाड तो दाखवू शकतो, पण हार्ट अटॅक त्याला ओळखता येत नाही.