तलवार ठेवा, म्यान फेका

दंतकथेवर सिनेमा काढायचं मनावर घेतलंच असेल, तर पहिलं पथ्य म्हणजे ती दंतकथा वाचू नका. वाचलीत की फसलात. तिच्यात नको तिथे विनोद असतो, हवी तिथे लढाई नसते आणि नायक ऐन वेळी कच खातो.

ब्रिटनच्या दंतकथांतला आर्थर राजा घ्या. सोयीचा गृहस्थ आहे. तो जन्मला होता की नाही यावरच इतिहासकारांचं एकमत नाही, त्यामुळे वारसदार दावा ठोकायला येण्याची भीती नाही. अडचण एकच. टॉमस मॅलरी नावाच्या माणसानं या सगळ्या गोष्टी एकत्र बांधून ठेवल्या आणि 1485 साली कॅक्स्टननं त्या छापल्या. त्यात आर्थरनं दगडातून उपसलेली तलवार पुढे एका द्वंद्वात चक्क मोडते. मग तळ्यातून एक हात वर येतो आणि त्यात दुसरी तलवार असते. आता दोन तलवारी कशा परवडणार? पोस्टरवर कुठली छापायची? एकच करून टाका, कोणी विचारत नाही.

खरी डोकेदुखी पुढे आहे. जादूगार मर्लिन आर्थरला विचारतो, तुला जास्त काय आवडलं, तलवार की म्यान? आर्थर अर्थातच तलवार म्हणतो. मर्लिन त्याची अक्कल काढतो. म्हणतो, म्यान दहा तलवारींच्या तोडीचं आहे, कारण ते अंगावर आहे तोवर कितीही घाव बसले तरी तुझं रक्त जाणार नाही. आता हे कॅमेऱ्यासमोर कसं दाखवणार? न वाहणारं रक्त? त्यापेक्षा म्यान वगळलेलं बरं. तलवार चमकते, तिच्यातून निळा प्रकाश निघतो, ती फिरवली की पन्नास माणसं उडतात. म्यान बिचारं कमरेला लटकत राहतं.

नंतर बालपण. मॅलरीकडे हा प्रसंग भलताच साधा आहे. थोरला मानलेला भाऊ के झुंजीला निघतो आणि तलवार घरीच विसरतो. आर्थर ती आणायला घरी येतो, तर घरात कोणीच नाही, सगळे झुंज बघायला गेलेले. पोरगं वैतागतं. चर्चच्या आवारात दगडात एक तलवार रुतलेली दिसते, ती उपसून भावाला नेऊन देतं. आपण राजा झालो याचा पत्ताच नाही, तो नुसता निरोप्याचं काम करतोय. असला प्रसंग चुकूनही घेऊ नका. प्रेक्षक हसेल, आणि हसलेल्या प्रेक्षकाला नंतर घाबरवणं जड जातं. त्याऐवजी दिग्दर्शक गाय रिचीनं 2017 च्या ‘किंग आर्थर: लेजेंड ऑफ द स्वोर्ड’मध्ये केलं तसं करा. तलवारीला हात लागला की नायकाच्या डोक्यात विजा चमकाव्यात, आईबापांचा खून दिसावा आणि गडी बेशुद्ध पडावा.

त्याच सिनेमात एक चूक झाली आहे, ती मात्र टाळा. कुंटणखान्यात वाढणारा अनाथ आर्थर पडतो, मार खातो, मारायला शिकतो, पैसे साठवतो आणि बघता बघता बाप्या होतो. हे सगळं दोन-तीन मिनिटांत, जवळपास संवादांशिवाय, धापा टाकल्यासारख्या संगीतावर. इतकं नेमकं की पोरगं ओळखीचं वाटायला लागतं. हा घात आहे. एकदा माणूस ओळखीचा झाला की शेवटच्या लढाईतला संगणकी राक्षस खोटा वाटायला लागतो, आणि तो तसा वाटतोच. तेव्हा सुरुवातीला डोंगराएवढे हत्ती आणा. दंतकथेत हत्ती नाहीत ना? म्हणूनच तर. ग्रीक कथेवरच्या सिनेमात उत्तरेकडच्या समुद्रातला क्राकन नावाचा राक्षस सोडून झाला आहे, तिथे हत्तींचं काय घेऊन बसलात.

पुढच्या भागांची तरतूद पहिल्याच भागात करायला विसरू नका. रिचीचा सिनेमा सहा भागांच्या मालिकेचा पहिला होता. म्हणून मर्लिन नावापुरता, सरदार लान्सलॉट आणि राणी ग्विनेव्हीर पुढच्या खेपेला, आणि आर्थरच्या सरदारांचं ते गोलमेज शेवटच्या प्रसंगात सुतारकामातच. खर्च सुमारे 17.5 कोटी डॉलर, जगभरची कमाई त्याहून कमी. मेज अजून तसंच आहे.

काही लोकांना मात्र अक्कल येत नाही. डेव्हिड लोअरीनं 2021 मध्ये ‘द ग्रीन नाइट’ काढला. मूळ चौदाव्या शतकातली कविता, अडीच हजारांवर ओळी, आणि तिचं एकच हस्तलिखित आज उरलं आहे. तिच्यात आर्थरच्या दरबारातला गवेन नावाचा सरदार हिरव्या राक्षसी वीराच्या शोधात निघतो. वाटेत नाग, लांडगे, रानटी माणसं, अस्वलं, राक्षस सगळे भेटतात. आणि कवी या सगळ्यांना मोजक्या ओळींत गुंडाळतो! वर म्हणतो, लढाया परवडल्या, पण हिवाळा वाईट. गारठ्यात उघड्या खडकांवर, अंगातलं चिलखत न काढता झोपायचं. तुमच्यासारख्या जाणत्या निर्मात्यानं त्या ओळींतून चाळीस मिनिटं काढली असती. लोअरीनं काय केलं? गवेन झालेल्या देव पटेलला जंगलात हातपाय बांधून टाकलं आणि कॅमेरा सावकाश गोल फिरवला. झाडं, झाडं, झाडं, आणि परत येतो तर तिथे सांगाडा. मग कॅमेरा उलटा फिरतो आणि गवेन अजून जिवंत आहे. संवाद नाही, स्फोट नाही. मी त्या वेळी आपण श्वास रोखून धरलाय हे विसरलो होतो. प्रेक्षकाला असं वागवणं बरं नव्हे.

बरं, त्याच्याकडूनही शिकण्यासारखं आहे, नाही असं नाही. कवितेचा जीव आहे गवेन वाटेत उतरतो त्या गढीतल्या तीन दिवसांत. यजमान शिकारीला जातो, त्याची बायको पाहुण्याच्या खाटेवर येऊन बसते, आणि दिवसभरात जे मिळेल ते संध्याकाळी एकमेकांना द्यायचं ठरलेलं असल्यामुळे गवेनला तिनं दिलेले मुके यजमानाला द्यावे लागतात. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. तिनं दिलेला, जीव वाचवणारा हिरवा पट्टा मात्र तो लपवून ठेवतो. शेवटी गवेन मान खाली घालून दरबारात परततो, तर सगळे खो खो हसतात आणि त्याच्यासारखा हिरवा पट्टा बांधतात. लोअरीनं हे सगळं आटवून टाकलं, हसू तर पार पुसलं. सिनेमा अंधारा, गंभीर आणि मधे मधे रेंगाळणारा झाला. शाबास. दंतकथेतले लोक हसायचे हे आजच्या प्रेक्षकाला कळता कामा नये. तेवढं एक सूत्र तुम्हीही सांभाळा, निम्मी समीक्षा खिशात.

राहता राहिलं म्यान. ते कापल्याबद्दल कोणी नाक मुरडलंच, तर मॅलरीचाच दाखला द्या. आर्थर झोपलेला असताना त्याची बहीण मॉर्गन ते म्यान पळवते. पाठलाग सुरू झाल्यावर खोल तळ्यात भिरकावून देते आणि कोणी ओळखू नये म्हणून आपल्या घोडेस्वारांसकट दगड होऊन उभी राहते. आर्थर येतो, दगड बघतो आणि परत जातो. म्यान तळाशी. पुढे आर्थरला शेवटचा घाव बसला तेव्हा ते तिथेच होतं.

पण हा प्रसंगसुद्धा घेऊ नका. पाण्याखालचं चित्रीकरण महाग पडतं.