भित्र्या कुत्र्याला घर देताना

निवाऱ्यातील भित्रा कुत्रा ‘भरपूर प्रेम दिले की आठवडाभरात रुळतो’, हे कुत्रा दत्तक घेण्याविषयीच्या एका लेखात वाचलेले विधान मला घाईचे वाटते. आम्ही आणलेली, कानाला नसबंदीची खूण असलेली गावठी कुत्री पहिले नऊ दिवस शिलाई मशीनखालून हलली नाही. तिच्यापुढे ठेवलेला भात आम्ही झोपल्यावरच संपायचा आणि कुकरची शिट्टी झाली की तिला जागीच लघवी व्हायची. तिच्याकडे पाठ करून, जमिनीवर वर्तमानपत्र वाचत बसणे एवढेच काय ते उपयोगी पडले. निवाऱ्यांनीही जाहिरातीत ‘शांत स्वभाव’ असे लिहून भीती झाकू नये, कारण भीतीने गोठून बसलेले जनावर शांत नसते.

सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर जाणार नाही, हे पाहणे दत्तक घेणाऱ्याचे काम आहे, आणि भित्री कुत्री तर सुरुवातीच्या दिवसांतच मान मागे ओढून गळ्यातल्या पट्ट्यातून निसटतात. म्हणून गळपट्ट्यासोबत छातीचा पट्टाही बांधून दोन दोऱ्या हाती ठेवाव्यात, असे मी आवर्जून सुचवेन. कुकर मात्र तिला अजूनही खपत नाही. तो गॅसवर चढला की ती मुकाट्याने आतल्या खोलीत जाते आणि आम्ही दार ओढून घेतो.