एक नाव, तीन गाणी
सारख्या नावांच्या गाण्यांवरचा लेख आवडला, पण ‘द पॉवर ऑफ लव्ह’ कसं काय सुटलं? डिसेंबर १९८४ मध्ये ‘फ्रँकी गोज टू हॉलिवूड’ या ब्रिटिश बँडचं या नावाचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर होतं. वर्षही उलटलं नाही तोच ऑक्टोबर १९८५ मध्ये तिथेच गायिका जेनिफर रशचं गाणं पहिल्या नंबरवर! नाव तेच, शब्द-चाल पार निराळी. मधल्या काळात अमेरिकेत रॉक गायक ह्युई लुईसचं याच नावाचं तिसरंच गाणं गाजत होतं, ‘बॅक टू द फ्यूचर’ या सिनेमातलं. सेलीन डिऑनने १९९३ मध्ये पुन्हा गायलं ते जेनिफरचं. माझ्या मते मात्र ह्युईचंच सरस. कॅसेटच्या जमान्यात दुकानदाराला नुसतं नाव सांगितलं आणि घरी भलतंच रडगाणं आलं होतं. महिनाभर तेच ऐकलं, पैसे गेले होते ना!