चालत्या ऑब्जेक्टची मेथड परस्पर बदलणाऱ्यांनो, बास करा!

पायथॉनमधला क्लास (ऑब्जेक्टचा साचा) उघडला की एक मेथड, म्हणजे ऑब्जेक्टवर चालणारं फंक्शन, दिसते आणि चालते भलतीच! आज पुन्हा तेच. यूटिल्स नावाच्या फाइलच्या तळाशी कुणीतरी गुपचूप लिहून ठेवलंय: बिल.टोटल = नवी_टोटल. आता बिल.टोटल(10) चालवा. एरर काय, तर इंट (पूर्णांक) ऑब्जेक्टला आयटम्स हा ॲट्रिब्यूट नाही. कुठला इंट? तो 10 सरळ सेल्फच्या, म्हणजे ज्या ऑब्जेक्टवर मेथड चालते त्याच्या, जागी जाऊन बसलाय! अरे, पायथॉनमध्ये फंक्शन क्लासवर असेल तरच सेल्फ आपोआप मिळतो, इन्स्टन्सवर, म्हणजे एकेका ऑब्जेक्टवर, डकवलं तर नाही. टाइप्स मॉड्यूलमधल्या मेथडटाइपला फंक्शन आणि ऑब्जेक्ट द्यायचा आणि जी बांधलेली मेथड मिळेल ती चिकटवायची. एका ओळीचं काम, तेही होत नाही!

आणि ते केलं तरी सुटका नाहीच. त्या बिलाची कॉपी.कॉपीने प्रत काढा. बांधलेली मेथड प्रतीत जशीच्या तशी जाते, पण तिच्या आतला सेल्फ जुनंच बिल. टोटल मागायची दुसऱ्या बिलाची, हातात येते पहिल्याची, आणि एररही नाही! चुकीचा आकडा निमूटपणे पुढे जातो. याचा संताप नाही येणार तर कशाचा येणार?

डंडर लेन (__len__, लांबी सांगणारी खास मेथड) इन्स्टन्सवर बदलून ‘लेन बदलत का नाही’ म्हणणारे वेगळेच. लेन() थेट टाइपकडे बघतं, तुमच्या इन्स्टन्सला विचारतच नाही. फ्रॉम-इम्पोर्टने आधीच उचललेलं फंक्शन मूळ मॉड्यूलमध्ये बदलून काय होणार? जिथे वापरलंय तिथलं नाव बदला! जावास्क्रिप्टवाल्यांनीही कमी छळलेलं नाही. मूटूल्स या लायब्ररीने ॲरेच्या प्रोटोटाइपवर (सगळ्या ॲरेंना मेथड पुरवणारा सामायिक ऑब्जेक्ट) स्वतःचा फ्लॅटन टाकून ठेवला होता, म्हणून जुन्या साइट मोडू नयेत यासाठी अधिकृत मेथडचं नाव शेवटी ‘फ्लॅट’ ठेवावं लागलं. एका लायब्ररीच्या आगाऊपणाचं ओझं अख्ख्या भाषेवर!

वागणूक बदलायची तर सबक्लास करा, नाहीतर हिशेबाचं फंक्शन कन्स्ट्रक्टरमधून आत द्या, म्हणजे वाचणाऱ्याला ते समोर दिसेल. टेस्टमध्ये पॅच.ऑब्जेक्ट (मेथड तात्पुरती बदलणारं पायथॉनचं साधन) विथ-ब्लॉकमध्ये वापरा आणि ऑटोस्पेक ट्रू ठेवा: आर्ग्युमेंट चुकले तर तिथेच बोंब होते आणि ब्लॉक संपला की मूळ मेथड परत जागेवर येते. हाताने बदलून तशीच सोडलेली मेथड पुढची टेस्ट पाडते, आणि ती टेस्ट एकटी चालवली की हिरवी, म्हणजे पास!