वहीने बीपीची गोळी सुटत नाही

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय: 'रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा, 21 दिवसांत बीपीची गोळी बंद.' हे चूक आहे. गोळी सोडू नका. दाब पुन्हा चढतो, बहुतेकदा काहीच जाणवत नाही आणि थेट पक्षाघातच होऊ शकतो.

वही मात्र खरोखर उपयोगाची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांच्या 2005 च्या अभ्यासात लोकांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी, आणि प्रत्येक का घडली तेही लिहिलं. सहा महिन्यांनंतरही आनंद वाढलेला, उदासी कमी झालेली दिसली. त्यात रक्तदाब मोजलाच नव्हता.

लोक नेमकं ते 'का' गाळतात. 'घर आहे, पोरं आहेत' असं रोज लिहिलं की चौथ्या दिवशी कंटाळा येतो. त्यापेक्षा लिहा: 'मागावरून दमून आलो, शेजारच्या काकूंनी गरम भाकरी दिली, परवा त्यांचं रेशन मी आणलं होतं.' असा बारकावा हवाच.

सवयीला 21 दिवस हेही पक्कं नाही. लंडनच्या एका अभ्यासात मधला आकडा 66 दिवस निघाला.

दोन आठवडे मन उदासच असेल तर वहीवर थांबू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा.