आई रडली नाही, म्हणून?

हरवलेल्या चिमुरडीच्या या बातमीखाली अर्ध्याअधिक लोकांचा एकच सूर: आई कॅमेऱ्यासमोर रडली नाही, म्हणजे नक्की पाणी मुरतंय. अहो, ऑस्ट्रेलियात १९८० साली अगदी हेच झालं होतं. उलुरू या प्रचंड खडकाजवळ तंबूतून नऊ आठवड्यांची अझारिया नाहीशी झाली. तिची आई लिंडी चेंबरलेन पहिल्यापासून सांगत होती की डिंगोनं, म्हणजे तिथल्या रानकुत्र्यानं, बाळ नेलं. पण बाई टीव्हीवर फारच शांत दिसली आणि लोकांनी परस्पर निकाल लावून टाकला. त्यांच्या पंथात बाळाचा बळी देतात, अशीही आवई उठली. १९८२ मध्ये जन्मठेप! चेंबरलेन कुटुंबाच्या गाडीतल्या ज्या डागांना रक्त म्हटलं गेलं, त्यातला एक तर कारखान्यात मारलेला आवाजरोधक लेप निघाला. १९८६ मध्ये बाळाचं जाकीट डिंगोंच्या वावराच्या भागात सापडलं तेव्हा कुठे ती सुटली. मृत्यूच्या कारणात डिंगोचं नाव अधिकृतपणे यायला २०१२ उजाडलं.

पोलिसांनी दिलेला मुलीचा फोटो आणि कपड्यांचं वर्णन जरूर पुढे पाठवा. ‘काकावर संशय’वाला मेसेज मात्र ज्यांनी टाकलाय, त्यांनी आत्ताच काढावा.